सातपुड्याच्या पायथ्याशी धावणाऱ्या शिक्षिकेसाठी म्युझिक प्लेअरची निवड : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावातील जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षिकेचे आहे. त्यांचे नाव, गाव आणि शाळा येथे दिलेली नाही. गावात त्यांना सगळे ‘बाई’ म्हणतात, तेच संबोधन पुढेही ठेवले आहे. मी जळगावात मोबाइल आणि लहानसहान ध्वनी-उपकरणांच्या दुरुस्तीचे काम करतो. त्यामुळे या प्रकरणात माझा प्रवेश एका बंद पडलेल्या प्लेअरमुळे झाला आणि पुढे नवीन खरेदी होईपर्यंत, किंबहुना त्यानंतरही, मी त्यात राहिलो.

बाईंचे वय पंचेचाळिशीच्या घरात आहे. डॉक्टरांनी साखरेबद्दल ताकीद दिल्यावर त्यांनी चालायला सुरुवात केली आणि वर्षभरात चालण्याचे धावणे झाले. पहाटे उजाडायच्या सुमारास त्या पाटाच्या कडेच्या कच्च्या रस्त्याने धावतात. एका अंगाला केळीच्या बागा आणि दुसऱ्या अंगाला पाट असलेल्या या रस्त्यावर त्या वेळी पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे, दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकली आणि कटाईच्या दिवसांत केळीच्या घडांनी भरलेल्या ट्रॉल्या असतात. सुटीच्या दिवशी जमेल तेव्हा त्या मनुदेवीच्या किंवा पालच्या बाजूला डोंगरात चालायला जातात. उन्हाळ्याच्या सुटीत माहेरी, म्हणजे जळगावला आल्या की जलतरण तलावावर त्यांचा रोजचा पोहण्याचा शिरस्ता असतो. शाळेत जाणे-येणे स्कूटीवर होते.

धावताना फोन सोबत नको, हा त्यांचा आग्रह पहिल्यापासून होता आणि तो मला पूर्ण पटला. शिक्षकाच्या फोनवर पालकांचा गट असतो, केंद्रप्रमुखांचा गट असतो, निवडणुकीचे काम लागले की मतदार यादीचाही एक गट असतो, आणि या सर्वांना पहाटे सहा वाजता जाग येते. बाईंना त्या तासाभरात फक्त ऐकायचे होते. त्यांच्या संग्रहात लांबलचक कीर्तनांची ध्वनिमुद्रणे, लग्नकार्यातली अहिराणी गाणी, थोडे नाट्यसंगीत आणि काही मराठी श्राव्य पुस्तके होती. हा तपशील येथे भरीसाठी दिलेला नाही. कोणते यंत्र घ्यावे या प्रश्नात तो पुढे बराच निर्णायक ठरला.

नेमकी अडचण

दोन वर्षांत बाईंच्या तीन व्यवस्था मोडल्या होत्या. पहिला होता बाजारात सहज मिळणारा, कोणत्याही नावाजलेल्या कंपनीचा नसलेला क्लिपवाला छोटा प्लेअर, जो पहिला पावसाळा संपता संपता चार्ज होईनासा झाला. त्यानंतर त्यांनी मुलाचा जुना स्मार्टफोन सिमकार्ड काढून दंडाच्या पट्ट्यात बांधून वापरला. त्याची बॅटरी मे महिन्यात फुगली आणि मागचे झाकण उचलले गेले. तिसऱ्या खेपेस वायरलेस इअरबड्स घेतले, त्यातला एक पाटात पडला आणि उरलेला एक डबीत पडून राहिला. मधल्या काळात वायरचे इअरफोन किती बदलले, याचा हिशेब त्यांनी ठेवलेला नव्हता.

दुकानात येऊन त्यांनी जी मागणी केली ती मात्र एका शब्दाची होती. त्यांना ‘वॉटरप्रूफ’ प्लेअर हवा होता. पाण्याने यंत्रे जातात, हा त्यांचा समज अगदी स्वाभाविक होता, कारण पहिला प्लेअर पावसाळ्यात गेला होता. मी त्यांना खरेदीपूर्वी तीनही मेलेली यंत्रे घेऊन यायला सांगितले. या प्रकरणातला पहिला महत्त्वाचा निर्णय हाच होता, असे माझे मत आहे. दुकानदार पुढचे यंत्र दाखवायला उत्सुक असतो आणि ग्राहकही. मागचे कशाने गेले हे पाहायला दोघांनाही वेळ नसतो.

टेबलावर दिसलेली कारणे

क्लिपवाला प्लेअर उघडला तेव्हा बोर्ड बऱ्यापैकी स्वच्छ होता आणि बॅटरीही दम धरून होती. बिघाड चार्जिंग जॅकमध्ये होता. भिंगाखाली धरल्यावर दिसले की जॅकमधल्या पाच पिनांपैकी कडेची एक पिन हिरवट-काळ्या थराखाली जवळजवळ खाऊन गेली आहे, तिच्या शेजारच्या पिना त्या मानाने शाबूत आहेत आणि पत्र्याच्या कवचाच्या आतल्या कोपऱ्यात मिठाचे पांढरे कण सुकून बसले आहेत. खाल्ली गेलेली पिन पाच व्होल्ट आणणारी होती, आणि ही गोष्ट बोलकी आहे. घामात मीठ असते, मिठाच्या पाण्यातून वीज वाहते, आणि जॅकमध्ये ओल असताना चार्जर जोडला की धन बाजूच्या पिनेचा धातू विरघळू लागतो. बाईंची सवय विचारली तेव्हा खुलासा झाला. धावून आल्या आल्या, अंघोळीला जाण्यापूर्वी, त्या प्लेअर चार्जिंगला लावत असत, म्हणजे दुसऱ्या दिवशी तो भरलेला मिळे. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे झटकन उडून जाणारे सफाईचे द्रावण) आणि ब्रशने साफ करून तो जॅक वाचण्याच्या पलीकडे गेला होता. तो बदलता आला असता, परंतु त्या आकाराचा जॅक शोधून बसवण्याचा खर्च प्लेअरच्या किमतीच्या आसपास जात होता.

फोनची गोष्ट निराळी होती. तो पट्ट्यात बांधून धावल्यामुळे बिघडला नव्हता. धावून झाल्यावर बाई तो स्कूटीच्या डिक्कीत टाकत आणि तसाच शाळेत नेत. स्कूटी दिवसभर शाळेच्या पटांगणात उन्हात उभी असे. जळगाव-भुसावळ पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो आणि काही दिवस त्याच्याही वर. बंद डिक्कीतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. लिथियम-आयन बॅटरीला उष्णतेचा त्रास होतो आणि ती पूर्ण भरलेल्या अवस्थेत तापत राहिली तर ऱ्हासाचा वेग आणखी वाढतो. बाई तर रोज शंभर टक्के भरलेला फोन डिक्कीत ठेवत होत्या.

इअरफोनच्या वायरी एकाच जागी तुटत होत्या. पिनेच्या मागे जिथे वायर कडक प्लॅस्टिकमधून बाहेर येते तिथे आतले बारीक तार तुटलेले होते. मीटर लावून वायर त्या जागी वाकवली की आकडा येत-जात होता. पंजाबी ड्रेसवर धावताना ओढणीच्या गाठीत वायर अडकते आणि झटका नेमका तिथेच बसतो, असे बाईंनी स्वतःच सांगितले. धुळीचा भाग उरतो. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते. घामाने भिजलेल्या इअरफोनच्या जाळीवर ती बसली की तिचा लेप होतो आणि आवाज एका कानात हळूहळू दबतो. यंत्र बिघडल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या कितीतरी ग्राहकांचे इअरफोन केवळ जाळी साफ करून पूर्ववत होतात.

म्हणजे तीन यंत्रांपैकी एकही पाण्यात बुडून बिघडलेले नव्हते. पाटात पडलेला इअरबड बुडाला हे खरे, पण तो मुळात कानातून निसटला होता. घामाचे मीठ, बंद डिक्कीतली उष्णता, वायरवरचा ताण आणि कानातली सैल पकड, ही चार कारणे कागदावर मांडल्यावर ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द अपुरा आहे, हे बाईंच्याच लक्षात आले. त्यांचे वाक्य मला आठवते: “भाऊ, पाण्यात टिकेल का हे राहू द्या, घामात टिकेल का ते सांगा.”

खोक्यावरच्या आकड्यांचा अर्थ

या प्रश्नाचे सरळ उत्तर खोक्यावर मिळत नाही. ‘आयपी’ या अक्षरांपुढे जे दोन अंक छापलेले असतात ते आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार असतात. पहिला अंक धूळ आणि घन कणांसाठी असतो व तो ६ पर्यंत जातो. दुसरा पाण्यासाठी असतो. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे. ८ म्हणजे त्याहून कठीण कसोटी, परंतु किती खोल आणि किती वेळ हे कंपनीने स्वतः सांगायचे असते, म्हणून ८ हा आकडा एकटा वाचण्यात अर्थ नाही. ‘एक्स’ म्हणजे शून्यही नव्हे आणि उत्तमही नव्हे. त्या बाजूचा दर्जा कंपनीने दिलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. खानदेशातल्या ग्राहकाने खरे तर या ‘एक्स’कडे आधी पाहावे. पाण्याचा आकडा मोठा आणि धुळीच्या जागी ‘एक्स’ असलेली यंत्रे भरपूर विकली जातात. धुळीची सर्वोच्च कसोटी बारीक टाल्कम पावडर उडवलेल्या पेटीत होते, आणि काळ्या मातीच्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला ती पुष्कळ जवळची वाटावी.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. बुडवण्याची कसोटी पास झालेले यंत्र पाण्याच्या जोरदार फवाऱ्याला टिकेलच असे नाही. त्या दोन कसोट्या वेगळ्या आहेत आणि म्हणूनच काही यंत्रांवर फवाऱ्यासाठी ५ आणि बुडवण्यासाठी ८ असे दोन्ही आकडे छापलेले असतात. शिवाय या कसोट्या नव्या यंत्रावर, साध्या गोड्या पाण्यात होतात. घाम, साबण, क्लोरीन घातलेले तलावाचे पाणी आणि दोन उन्हाळे खाऊन कडक झालेली रबरी सील यांचा विचार त्यात नसतो. धावून आल्यावर यंत्र नळाखाली धरण्याची सोय त्या आकड्यामुळे मिळते, आणि घामाच्या बाबतीत त्या आकड्याचा खरा उपयोग तोच आहे.

विचारात घेतलेले पर्याय

बाईंसमोर मी जे पर्याय ठेवले त्यांत जुन्या फोनची बॅटरी बदलून तोच वापरणे हा सर्वांत स्वस्त होता. त्याला फार वेळ द्यावा लागला नाही. दंडावरचे दीडशे-दोनशे ग्रॅमचे वजन, घामेजल्या बोटांना दाद न देणारी काच आणि पुन्हा तोच उष्णतेचा प्रश्न, यांमुळे तो बाजूला पडला. मनगटी घड्याळात गाणी साठवून ब्लूटूथ इअरफोनवर ऐकणे हाही पर्याय त्यांच्या मुलाने सुचवला होता. त्यात दोन बॅटऱ्या सांभाळाव्या लागतात, आणि ब्लूटूथच्या लहरी पाण्यात शोषल्या जात असल्यामुळे पोहताना तो निरुपयोगी ठरतो.

खरा विचार तीन प्रकारांचा झाला. पहिला म्हणजे चांगल्या कंपनीचा, बटणांचा, मेमरी कार्ड घालता येणारा क्लिपवाला प्लेअर. माझे मत सुरुवातीला याच्या बाजूने होते. तो हलका असतो, न पाहता बोटांनी चालवता येतो, ‘कुठे थांबलो होतो’ हे बहुधा लक्षात ठेवतो, इअरफोन तुटला तर दुसरा कुठेही मिळतो आणि एफएम रेडिओ असेल तर तोही लागतो, कारण इअरफोनची वायरच त्याला अँटेना म्हणून लागते. त्याला पाण्याचा दर्जा सहसा नसतो, परंतु घामाच्या वेळी छोट्या झिपच्या पिशवीत घालून आणि सुकल्याशिवाय चार्ज न करून तो टिकवता येतो. एका कानात इअरफोन आणि दुसरा कान मोकळा, अशी माझी सूचना होती.

दुसरा प्रकार कानावर बसणाऱ्या, आतच साठवण असलेल्या प्लेअरचा. सोनीच्या वॉकमन मालिकेतील एनडब्ल्यू-डब्ल्यूएस ४१३ हे याचे ठळक उदाहरण आहे: वजन ३२ ग्रॅम, साठवण ४ जीबी, बॅटरी १२ तासांपर्यंत, समुद्राच्या खाऱ्या पाण्यात दोन मीटरपर्यंत चालण्याची हमी आणि तीन मिनिटांच्या चार्जिंगवर तासभर वाजण्याची सोय. खाऱ्या पाण्याचा उल्लेख कंपनीने स्वतः केलेला असल्यामुळे घामाच्या बाबतीत हा प्रकार भरवशाचा वाटला. वापराच्या तापमानाची कंपनीने दिलेली वरची मर्यादा ४५ अंश आहे. युरोपातल्या ग्राहकाला हा आकडा वाळवंटाचा वाटत असेल, आपल्याकडे तो मे महिन्यातल्या दुपारच्या बातम्यांत असतो. बाहेरचा आवाज आत घेण्याची सोय त्यात आहे, तरी कानाच्या भोकात घट्ट बोंडी बसतेच, आणि बाईंना ती बराच वेळ सोसत नव्हती.

तिसरा प्रकार हाडातून आवाज पोहोचवणाऱ्या, आतच गाणी साठवणाऱ्या पट्ट्याचा. हा पट्टा कानामागून येऊन गालाच्या हाडावर टेकतो, कंपने कवटीतून थेट अंतर्कर्णात जातात आणि कानाचे भोक उघडे राहते. साधारण ३० ग्रॅम वजन, आयपी ६८ दर्जा, सात-आठ तासांची बॅटरी. यात वायर नाही, भोकात बोंडी नाही आणि निसटून पडण्यासारखे दोन सुटे तुकडे नाहीत. उणिवाही तितक्याच स्पष्ट होत्या. किंमत क्लिपवाल्याच्या चार-पाच पट, पडदा नाही, कार्ड बदलता येत नाही, बॅटरी बदलण्याची सोय नाही, आणि चार्जिंगसाठी त्या कंपनीचीच वेगळी चिमट्यासारखी क्लिप लागते. खालचे ठोके त्यात पोकळ वाजतात, त्यामुळे ढोल-ताशाची मजा जाते. बोलणे आणि गायकी मात्र स्वच्छ ऐकू येते.

निर्णय कसा झाला

बाईंनी तिसरा प्रकार निवडला आणि त्यांची कारणे माझ्या कारणांपेक्षा त्यांच्या दिवसाशी अधिक जुळणारी होती. पाटाच्या रस्त्यावर मागून येणारी ट्रॉली ऐकू आली पाहिजे, ही त्यांची पहिली अट होती. एक कान मोकळा ठेवण्याची माझी सूचना त्यांनी करून पाहिली होती. एका कानाने वाहन येत असल्याचे कळते, कोणत्या बाजूने येते हे नीट कळत नाही, असे त्यांनी सांगितले आणि ते शास्त्राला धरून आहे, कारण दिशा ओळखण्यासाठी मेंदू दोन्ही कानांतल्या आवाजाची तुलना करतो. दुसरे कारण ओढणीचे आणि वायरीचे होते. तिसरे कारण त्यांच्या ऐकण्याच्या प्रकाराचे: कीर्तन आणि पुस्तके ऐकणाऱ्या माणसाला खालचे ठोके कमी असल्याची तक्रार सहसा नसते.

तरीही खरेदी लगेच केली नाही. बाई चष्मा लावतात, आणि उन्हाळ्यात आपल्याकडच्या सगळ्या स्त्रियांप्रमाणे तोंडाला स्कार्फ बांधतात. चष्म्याची कडी, प्लेअरचा पट्टा आणि वरून स्कार्फ, अशी तीन पदरी गर्दी कानामागे झाली की यंत्र हाडावरून किंचित उचलले जाते आणि आवाज निम्मा होतो. म्हणून जळगावातल्या एका धावपटूकडून तसाच पट्टा उसना घेऊन बाईंनी तो चष्म्यासह वापरून पाहिला. आधी पट्टा, त्यावर चष्मा आणि धावताना स्कार्फ सैल, असा क्रम त्यांना जमला. ही उसनवारी केली नसती तर महागडी वस्तू न जमण्याचा धोका होता. घरी आलेल्या खोक्याचे सील फोडल्यावर परत करणे किती कटकटीचे असते हे सर्वांना ठाऊक आहे.

किमतीचा प्रश्न बाईंनी स्वतःच सोडवला. मागच्या दोन वर्षांत प्लेअर, इअरबड्स आणि वायरींवर गेलेले पैसे त्यांनी मांडून पाहिले तेव्हा नव्या यंत्राच्या निम्म्याहून अधिक रक्कम आधीच खर्च झालेली निघाली.

खरेदीनंतरची व्यवस्था

यंत्र आल्यावर पहिली निराशा गाण्यांची झाली. पैसे भरून घेतलेल्या गाण्याच्या अ‍ॅपमधली ‘डाउनलोड’ केलेली गाणी प्लेअरवर उतरत नाहीत, कारण ती कुलूपबंद स्वरूपात असतात आणि त्या अ‍ॅपबाहेर वाजत नाहीत. बाईंकडे जुन्या सीडी होत्या. शाळेतल्या सीडी ड्राइव्ह असलेल्या जुन्या संगणकावर त्या एमपी ३ करून घेतल्या. कीर्तने त्यांनी स्वतः, महाराजांना विचारून, ध्वनिमुद्रित केलेली होती. साठवणीचा हिशेब सोपा आहे: १२८ केबीपीएसला (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट; हा आकडा जितका मोठा तितकी फाइल मोठी) मिनिटाला साधारण एक एमबी लागतो, म्हणजे ४ जीबीत साठ तासांच्या आसपास मावते. कीर्तने आणि पुस्तके ६४ केबीपीएस मोनोवर उतरवली तर त्याच जागेत दुप्पट बसतात आणि ऐकण्यात फरक जाणवत नाही.

खरी मेहनत दोन तासांच्या अखंड कीर्तनावर करावी लागली. पडदा नसलेल्या यंत्रात दोन तासांची एकच फाइल असेल आणि चुकून पुढचे बटण दाबले गेले तर पुन्हा त्या जागी येणे केवळ वैताग असतो. म्हणून प्रत्येक कीर्तनाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले आणि प्रत्येकाला ००१, ००२ असे क्रमांक दिले. अशा प्लेअरांत पुष्कळदा फाइली नावाच्या क्रमाने न वाजता ज्या क्रमाने उतरवल्या त्या क्रमाने वाजतात, म्हणून त्या एकदम न ओढता क्रमाने उतरवल्या. हे काम एका संध्याकाळी बाईंच्या मुलाने केले आणि पूर्वरंगानंतर थेट उत्तररंगाचा शेवट लागण्याचा प्रकार त्यानंतर बंद झाला.

चार्जिंगचे नियम कागदावर लिहून दिले. धावून आल्यावर यंत्र नळाखाली धरायचे, मऊ फडक्याने पुसायचे, पंख्याखाली ठेवायचे आणि चार्जिंग फक्त रात्री, तेही एकदिवसाआड करायचे. तांदळाच्या डब्यात खुपसायचे नाही. त्यातली भुकटी चार्जिंगची क्लिप जिथे टेकते त्या संपर्काच्या ठिपक्यांवर बसते. डिक्कीत काहीही ठेवायचे नाही. शाळेत जाताना यंत्र घरी राहते.

काय घडले

पावसाळा आणि हिवाळा निर्वेध गेला. मनुदेवीच्या वाटेवर धबधब्याचे तुषार अंगावर आले, पाटावर दोन-तीनदा चिंब पाऊस लागला, यंत्राला काही झाले नाही. डोंगरात रेंज जाते-येते आणि अशा ठिकाणी फोन नेटवर्क शोधत बॅटरी खातो. गाण्यांचा भार फोनवर नसल्यामुळे तो बंद करून पिशवीत ठेवता आला आणि परतीला हाताशी राहिला. हा फायदा खरेदीच्या वेळी कोणाच्याही डोक्यात नव्हता.

पहिली अडचण आली ती यंत्रात नव्हे, चार्जिंगच्या क्लिपमध्ये. तिच्या स्प्रिंगच्या पिनांवर तेच हिरवट डाग दिसू लागले आणि यंत्र कधी चार्ज होई, कधी नाही. यंत्र नीट धुतले जात होते. परंतु मागच्या पोकळीत, संपर्काच्या ठिपक्यांभोवती, थेंबभर ओल राहत होती आणि ती क्लिपवर उतरत होती. आयपीएने पुसल्यावर क्लिप पुन्हा चालू झाली. नवीन क्लिप कंपनीकडून मागवायला गेलो तेव्हा जळगावात ती मिळाली नाही आणि यायला कित्येक आठवडे लागले. यंत्राचा टिकाऊपणा ६८ या आकड्यावर मोजला जात होता, आणि ते अडकून पडले होते कोणताही दर्जा नसलेल्या प्लॅस्टिकच्या चिमट्यावर.

दुसरी अडचण आवाजाची होती. कान उघडे असल्यामुळे ट्रॉलीच्या इंजिनापुढे कीर्तन ऐकू येईनासे होते आणि हात आपोआप आवाज वाढवण्याकडे जातो. हाडातून येणारा आवाजही अखेर त्याच अंतर्कर्णात पोहोचतो, त्यामुळे कानाच्या पडद्याला वळसा घातला म्हणजे श्रवणशक्ती सुरक्षित राहिली असे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित श्रवणाच्या मानकात प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास ही मर्यादा धरलेली आहे, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. बाईंनी यावर काढलेला तोडगा साधा आहे: वाहन आले की त्या आवाज वाढवत नाहीत, यंत्र थांबवतात. मोठे बटण चाचपून दाबता येते, म्हणून हे शक्य होते.

मे महिन्यात पोहण्याच्या वेळी यंत्राने अपेक्षेपेक्षा चांगले काम केले. कानात पोहण्याचे बोळे घातल्यावर हाडातला आवाज उलट अधिक भरीव ऐकू येतो. तलावातून निघाल्यावर गोड्या पाण्याने धुण्याचा नियम पाळला गेला. उष्णतेची एकच घटना घडली: दुपारी पत्र्याच्या खोलीत चार्जिंगला लावलेले यंत्र गरम होऊन चार्जिंग मध्येच थांबले. ते बहुधा आतल्या संरक्षण-मंडलामुळे झाले असावे. रात्री थंडाव्यात लावल्यावर पूर्ण भरले.

वेगळे काय करता आले असते

खरेदीच्या दिवशीच जास्तीची चार्जिंग क्लिप घेणे, हा बदल सर्वांत आधी सुचवावा लागेल. ज्या यंत्राला सर्वत्र मिळणारी केबल चालत नाही त्याच्या किमतीत दुसऱ्या क्लिपची किंमत धरूनच तुलना करायला हवी, आणि ती क्लिप मिळण्याची खात्री नसेल तर त्या यंत्राचा विचार तिथेच थांबवावा. माझ्या दुकानात आता अशा वस्तू घेणाऱ्यांना हा प्रश्न मी आधी विचारतो.

दुसरा मुद्दा पर्यायाचाच आहे. पोहणे आणि ट्रॉल्यांचा रस्ता या दोन गोष्टी वजा केल्या तर बटणांचा क्लिपवाला प्लेअरच मला आजही अधिक शहाणपणाचा वाटतो. त्याच पाटावर धावणारी भरतीची मुले बाईंचा पट्टा पाहून माझ्याकडे चौकशीला आली तेव्हा त्यांतल्या बहुतेकांना मी तो घेऊ दिला नाही. मैदानावर गोल फेऱ्या मारणाऱ्या, ढोल-ताशा आणि डीजेची गाणी ऐकणाऱ्या मुलाला त्या पट्ट्यातला पोकळ ठोका आठवडाभरात नकोसा होईल, आणि घरातल्यांच्या खिशाला ती किंमत परवडणारीही नाही. त्यांना साधा प्लेअर, झिपची पिशवी, मोकळी वायर कपड्याच्या आतून घेण्याची सवय आणि ओल्या जॅकला चार्जर न लावण्याची ताकीद एवढे पुरते.

बॅटरीचा प्रश्न अजून उभा आहे. ती काही वर्षांत उतरणारच, आणि ती बदलायची तर यंत्राचे सील फोडावे लागेल. फोडलेले सील पूर्वीसारखे बसेल याची हमी मी देऊ शकत नाही, कंपनीही बॅटरी सुटी विकत नाही. बाईंशी बोलून असे ठरले आहे की चार्ज तासाभरावर आला की मी ते उघडून मापाची बॅटरी मिळते का पाहीन, आणि मिळाली तर त्यानंतर त्या यंत्राला तलावात न्यायचे नाही, फक्त पाटावर वापरायचे. पोहण्यासाठी तेव्हा वेगळे काही घ्यायचे की नाही, हे बाईंनी अद्याप ठरवलेले नाही.